आवाज कुणाच्या दाराशी अडला?

‘त्याचं मला ऐकू येतंय, पण माझं त्याला जात न्हाई.’

या एका वाक्यावर मी बरीच वर्षं घर चालवलं. कधी हेच वाक्य उलटं होऊन यायचं, एवढाच काय तो बदल. आमच्या जुन्नरच्या दुकानात गिऱ्हाईक शिरायचं ते हे वाक्य ओरडतच, कारण थोड्या वेळापूर्वी ते घरच्या कॉम्प्युटरसमोर बसून परदेशातल्या पोराशी तसंच ओरडलेलं असायचं. आवाज पोचत नाही म्हटलं की माणूस आवाज चढवतो, मग मुलगा चाकणला असो की शिकागोला. ‘आहो, ओरडून उपयोग नाही, तो कानानं बहिरा नाही, वाटेत कुणीतरी अडवतंय,’ हे मी किती जणांना सांगितलं असेल त्याला मोजदाद नाही.

दुकान मूळचं अब्बांचं, रेडिओ दुरुस्तीचं. जुन्नर-आंबेगावातले रेडिओ त्यांच्या हातून बोलते झालेले. नव्वदच्या दशकात रेडिओ माळ्यावर गेले आणि मी पुण्याला जाऊन कॉम्प्युटर जोडायला शिकलो. अब्बांना वाईट वाटलं. पोरगं आवाजाच्या धंद्यातून गेलं आणि टाइपरायटरच्या धंद्यात पडलं, असं त्यांचं म्हणणं. पुढं दोन हजार साल उलटून गेल्यावर आपल्या भागात ब्रॉडबँड आलं, लोक इंटरनेटवरून बोलायला लागले, आवाज अडायला लागले, आणि मी फिरून अब्बांच्याच धंद्यात येऊन पडलो. ते खूष झाले. दुकानात कुणी आलं की ते आतून विचारायचे, ‘एकतर्फी का दोन्हीकडून बंद?’ जणू काही त्यांनाच दुरुस्त करायचं होतं.

आता हे एकतर्फी म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे पुढची गंमत कळेल. इंटरनेटवरून बोलताना आपला आवाज बारीक तुकडे होऊन जातो, एकेक तुकडा पाकिटात घालून पाठवल्यासारखा. घरात ती दिवे लुकलुकणारी पेटी असते ना, तिला राउटर म्हणतात. तिच्यात एक राखणदार बसलेला असतो, त्याचं नाव फायरवॉल. त्याचा नियम साधा. आतून बाहेर कुणीही जावं, बाहेरून आत मात्र ज्याला आतून बोलावलंय त्यानंच यावं. तुम्ही इंटरनेटवरचं एखादं पान मागवलं की राखणदार ते लक्षात ठेवतो आणि पान आलं की आत सोडतो. बोलण्याचं मात्र त्रांगडं असतं. फोन आल्याचा निरोप एका दारानं येतो आणि आवाज भलत्याच दारानं. म्हणजे घंटी वाजते, फोन उचलला जातो, सगळं सुरळीत दिसतं, आणि आवाजाची पाकिटं दुसऱ्याच दाराशी येऊन उभी राहतात. राखणदार विचारतो, तुम्हाला कुणी बोलावलं? पाकिटं काय बोलणार! तो ती फेकून देतो.

म्हणून माझा नियम असा होता की ज्याला ऐकू येत नाही त्याच्या दाराशी आधी बघायचं. लोक नेमकं उलट करत. ऐकू आलं नाही की बोलणाऱ्याला दोष देत, त्याचा माइक बदलायला लावत, त्याच्या देशाला नावं ठेवत. दोष आपल्याच उंबऱ्यात असू शकतो हे पटवून देणं, हा माझ्या कामातला सगळ्यात अवघड भाग होता. पेटीतली सेटिंग बदलायला काही क्षण पुरत. माणसाला पटवायला चहा लागे.

नारायणगावच्या बाजूचे एक द्राक्षबागायतदार होते, त्यांना आपण बाबूशेठ म्हणू. हॉलंडच्या व्यापाऱ्याशी त्यांचं पहिलंच बोलणं इंटरनेटवरून ठरलेलं. पुतण्याकडून इंग्रजी वाक्यं घोटून घेऊन ते बसले. फोन लागला. बाबूशेठनी नमस्कार केला, बागेचं वर्णन केलं, आणि पलीकडून काहीच नाही. बाबूशेठना वाटलं, साहेब रागावलाय, नमुन्याच्या पेटीत काहीतरी सापडलं असणार. मग त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली. दोन घडांत मणी लहान निघाले होते. एका पेटीत पाला राहिला होता. बाग दाखवायचे फोटो आपल्या बागेचे नसून मेव्हण्याच्या बागेचे होते. तरी साहेब गप्पच. पुतण्याचा निरोप मिळून मी पोचलो तेव्हा बाबूशेठ घामेजून मेव्हण्याच्या बागेपर्यंत आलेले होते. मी पेटी उघडून वाट मोकळी केली, तर पलीकडून साहेब खो खो हसत होता. त्याला सगळं ऐकू जात होतं. इतका खरं बोलणारा माणूस आपल्याला या धंद्यात भेटला नाही, असं त्याचं म्हणणं पडलं, आणि व्यवहार ठरला. बाबूशेठ मला दारापर्यंत सोडायला आले आणि हळूच म्हणाले, ‘इकबालभाऊ, तो रागावलाय असं वाटलं म्हून बोललो. न्हाईतर येवढं खरं कोण बोलतं राव?’

पण लिहायला बसलो तो बाबूशेठसाठी नव्हे. लिहायचंय ते महाळुंगे पडवळच्या बारशाबद्दल.

तिथं सखूबाई नावाच्या एक आजी होत्या. थोरला मुलगा नामदेव, धाकटा दत्ता आणि या दोघांमधली मुलगी वंदना. वंदना नर्स. आखातातल्या एका तेलाच्या कंपनीच्या छावणीतल्या दवाखान्यात ती नोकरीला होती. चहूबाजूंनी वाळवंट, मोबाइलला रेंज नाही, छावणीतला एकच टेलिफोन आणि तो कचेरीच्या कामापुरता. कामगारांसाठी एक कॉम्प्युटरची खोली होती, तिथं ज्याची त्याची पाळी ठरलेली.

दत्ताला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगी झाली. त्या मधल्या वर्षांत वंदनानं भावजयीला किती धीर दिला होता ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. ‘तुज्या लेकराचं नाव मीच ठेवनार,’ असं तिनं भावजयीकडून कबूल करून घेतलं होतं. नाव तिनं मनात ठरवूनही ठेवलेलं, पण कुणाला सांगितलेलं नाही. आत्यानं बाळाच्या कानात सांगेपर्यंत ते कुणाला कळायचं नसतं. आणि ऐन वेळी तिची रजा नामंजूर झाली.

दत्ता माझ्याकडं आला. म्हणाला, ‘इकबालभाऊ, वंदीचा आवाज तेवढा माज्या पोरीच्या कानात पाडा. बाकी मला काय नको.’

मी हो म्हटलं. त्यांच्या घरातलं इंटरनेट मीच जोडलेलं, त्यामुळं माझी छाती जरा फुगलेलीच होती. ती जोडणी कशी होती ते सांगायला हवं, कारण घोडं तिथंच अडलं. घर एकच, पण मध्ये भिंत घालून दोघा भावांचे दोन भाग केलेले. टेलिफोनची लाइन आणि ब्रॉडबँडची पेटी नामदेवच्या भागात, कारण त्याला मंचरच्या बाजारातले बटाट्याचे भाव घरबसल्या बघायचे होते. भाऊ-भाऊ गोडीत असताना मी भिंतीला भोक पाडून तिथून वायर दत्ताकडं नेली आणि दत्ताच्या भागात दुसरी पेटी लावली. पुढं विहिरीवरच्या मोटरच्या पाळीवरून दोघांचं फाटलं. बोलणं बंद झालं, येणं-जाणं बंद झालं, मधल्या भिंतीतल्या दाराला दोन्हीकडून कड्या लागल्या. वायर मात्र तशीच राहिली. ती उपटायची म्हटलं तर आधी एकानं दुसऱ्याशी बोलावं लागलं असतं. आणि या भांडणाचं वंदनाला कुणी काही कळवलेलं नव्हतं. लेक लांब देशी, तिच्या जिवाला घोर कशाला, म्हणून सखूबाईंनी दोन्ही मुलांना दटावून ठेवलं होतं.

बारशाला सगळी आळी लोटली. फुलांनी सजवलेला पाळणा, पाळण्याखालून-वरून द्यायला कुंची घातलेला वरवंटा, घुगऱ्यांचं पातेलं, आणि या सगळ्याच्या मधोमध स्टुलावर दत्ताचा कॉम्प्युटर. बायकांनी त्यालाही हळदीकुंकू लावलं. नामदेवला बोलावणं गेलं नव्हतं, आणि तो आलाही नव्हता.

वंदनाच्या पाळीची वेळ झाली तसा दत्ताच्या कॉम्प्युटरवरून पहिल्यांदाच तिला फोन लागला. दत्ता म्हणाला, ‘वंदे, बोल.’ पलीकडून शांतता. मग पडद्यावर अक्षरं उमटली, इंग्रजी लिपीत मराठी: मला तुमचं सगळं ऐकू येतंय. माझं येतंय का?

येत नव्हतं.

जमलेल्या लोकांनी लगेच आखातावर खापर फोडलं. तिकडचे शेख लई कडक, ते बोलू देत न्हाईत, वगैरे. मलाही क्षणभर तेच बरं वाटलं. पण नियम तो नियम. तिला आपलं ऐकू जातंय, म्हणजे छावणीचा राखणदार आवाज आत सोडतोय. ऐकू येत नाही ते आपल्याला, म्हणजे आवाज आपल्या दाराशी अडलाय. मी दत्ताची पेटी उघडली, तिच्यातला राखणदार बाजूला केला. तरी काही नाही. मग लक्षात आलं की आवाज दत्ताच्या पेटीपर्यंत येतच नाही. तो येतोय नामदेवच्या पेटीपर्यंत, आणि तिथं थांबतोय. पहिल्या पेटीला सांगायला हवं होतं की बाई गं, हा आवाज भिंतीपलीकडच्या पेटीचा आहे, तिकडं जाऊ दे. ते सांगायला तिचा पासवर्ड हवा, आणि माझ्याजवळचा पासवर्ड लागेना. भांडणानंतर नामदेवनं तो बदलून टाकला होता.

मी दत्ताच्या कानात हे सांगितलं. दत्ता पाळण्याची दोरी धरून खाली बघत राहिला. भावाच्या दारात तो जाणार नव्हता.

इकडं बायकांची चुळबुळ सुरू झाली. एक चुलत आत्या हजर होती, तिनं पदर खोचला. कुणीतरी म्हणालं, मशीन काय बोलत न्हाई, हिलाच ठेवू दे की नाव. दुसरीनं सुचवलं, वंदीला म्हणावं टाइप करून पाठव. त्यावर सखूबाई उखडल्या. ‘नाव म्हंजी काय तार हाय का? ते कानात सांगायचं असतं.’

हे सगळं वंदना ऐकत होती. बाकी कुणाच्या हे ध्यानात नव्हतं, पण मी पडद्यासमोर बसलेलो, मला दिसत होतं. ती लिहितेय अशी खूण पडद्यावर यायची, अर्धवट थांबायची, नाहीशी व्हायची. बाई आपल्याच भाचीच्या बारशात बसली होती, सगळं ऐकत होती, आणि आपल्याला वगळून पुढं जायचं ठरतंय हेही तिला ऐकावं लागत होतं. शेवटी एवढंच आलं: आईला सांगा, थांबा. या धंद्यात मी पुष्कळ अडलेले आवाज बघितले, पण असा नाही. मी तिला लिहिलं, फोन ठेवतो, पुन्हा लावतो, जागेवरून उठू नका. आणि बाहेरून वळसा घालून नामदेवच्या दारात गेलो.

नामदेव ओसरीवर सुपारी कातरत बसला होता. एवढी सुपारी कोण खाणार होतं देव जाणे. त्याची बायको मधल्या भिंतीला कान लावून उभी होती, मला बघून ती चुलीकडं वळली.

मी पासवर्ड मागितला. नामदेव म्हणाला, त्यांच्या मशिनीचं त्यांनी बघावं. मी म्हटलं, ‘भाऊ, मशीन त्यांचं असेल, पेटी तुमची आहे. वंदनाताईंचा आवाज तुमच्या पेटीपर्यंत आलाय, पुढं सरकत नाही.’ तो म्हणाला, पासवर्ड मिळणार नाही. मग मी म्हटलं, राहू द्या, मला फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर एकदा तपासू द्या आवाज खरंच येतोय का. कारागीर म्हणून ती तपासणी मला करायचीच होती. माणूस म्हणून माझ्या मनात आणखी काय होतं ते ज्याचं त्यानं ओळखावं.

नामदेवनं मानेनंच कॉम्प्युटर दाखवला. मी फोन लावला. इथं मध्ये एकच पेटी आणि एकच राखणदार, आणि या कॉम्प्युटरकडं आवाज सोडायचं त्याला मी जोडणीच्या वेळीच सांगून ठेवलेलं, त्यामुळं अडायचं काही कारण नव्हतं.

‘हॅलो? दत्ता? आला का रं माजा आवाज?’

स्पीकरमधून तो आवाज त्या घरात असा स्वच्छ पडला की नामदेवच्या हातातला अडकित्ता थांबला. मी उत्तर देणार, तेवढ्यात मागून नामदेव म्हणाला, ‘दत्ता न्हाई. मी हाय.’

पलीकडं शांतता. मला वाटलं पुन्हा आवाज गेला, म्हणून मी पेटीचे दिवे बघायला लागलो. दिवे ठीक होते.

‘दादा? आरं, मगापासनं समद्यांचे आवाज ऐकतीया मी. आईचा, दत्ताचा, आळीतल्या बायांचा. तुजाच तेवढा येत नव्हता. मला वाटलं, तुजा नेमका मशिनीत अडतोय.’

नामदेवनं उपरण्यानं तोंड पुसलं, मग जरा जास्तच वेळ पुसलं. ‘हितंच व्हतो,’ एवढं म्हणाला. आणि उठून मधल्या भिंतीतल्या दाराची कडी काढली, दारावर थाप मारली.

‘दत्ता, पाळणा हिकडं आण. वंदीचा आवाज हितं येतोय.’

आता माझं शहाणपण बघा. मी म्हटलं, ‘भाऊ, पाळणा कशाला हलवता, पासवर्ड दिलात तर तिकडंच सुरू करतो.’ नामदेवनं माझ्याकडं असं बघितलं की मी माइक पुसायला लागलो.

पलीकडची कडी वाजली. आधी सखूबाई आल्या, नातीला छातीशी धरून, कुणाची वाट न बघता. मागून दत्ता आणि दोघं-तिघं पाळणा उचलून, आणि त्यामागं घुगऱ्यांच्या पातेल्यासकट अख्खी आळी. नामदेवच्या बायकोनं चादर कधीच अंथरून ठेवली होती, ती कधी अंथरली कुणाला कळलं नाही. दोघा भावांनी एकमेकांकडं पाहिलं नाही. पाळणा टेकवताना एका बाजूला दत्ता होता, दुसऱ्या बाजूला नामदेव, आणि ‘जरा डावीकडं’ एवढं बोलणं झालं.

वरवंटा पाळण्याखालून गेला, वरून आला, पाळणागीत झालं. वंदना तिकडून सुरात सूर मिसळत होती, फक्त एक ओळ मागं, कारण आवाजाला यायला वेळ लागायचा. मग नाव सांगायची घटका आली. आता कानात सांगायचं म्हणजे सगळ्यांना ऐकू जाऊन चालणार नाही. मी स्पीकर बंद केला, हेडफोन लावला, गुडघ्यांवर बसलो आणि त्याची एक वाटी बाळाच्या कानाशी अलगद धरली. ‘बोला ताई,’ म्हटलं.

‘कुर्रर्रर्र...’ आणि मग नाव.

मी इतका जवळ होतो की ते मलाही ऐकू आलं. त्या पोरीनंतर तिचं नाव ऐकणारा जगातला पहिला माणूस मी. डोळ्यांत पाणी आलं ते मी पुसलं नाही, कारण एका हातात माइक आणि दुसऱ्यात हेडफोन होता.

आता आपल्याकडची रीत तुम्हाला माहीत आहे. आत्यानं कुर्र केलं की भोवतालच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. बायकांचे हात सवयीनं वर गेले आणि हवेतच थांबले. आत्या वाळवंटात, तर पाठ कुणाची बडवायची? सखूबाईंनी एकदा पाळण्याकडं बघितलं, एकदा पाळण्याशी ओणव्या झालेल्या माझ्याकडं बघितलं, आणि पहिला धपाटा त्यांनी घातला. मग काय विचारता! मिशीवाला, दाढीवाला, जुन्नरचा इकबाल, आणि महाळुंग्यातल्या बायका मला आत्या समजून बडवतायत. शेतात राबलेले हात होते, फुलासारखे नव्हते. चुलत आत्यानं तर नाव ठेवायला मिळालं नाही त्याची सगळी कसर काढली. पण हेडफोन मी बाळाच्या कानापासून हलू दिला नाही.

धपाट्यांच्या आवाजात मला हेडफोनमधून वंदना काहीतरी बोलतेय असं वाटलं. मी पिन उपटली, स्पीकर चालू केला. हसत होती, रडत होती.

‘बास गं बायांनो,’ वाळवंटातून आवाज आला, ‘लई लागतंय मला.’

मग तिनं सगळ्यांना नाव सांगितलं. मुक्ता.

विहिरीच्या पाळीची कुरबुर पुढंही चालली, ती काही एका बारशानं मिटणारी नव्हती. पण मधल्या दाराला पुन्हा कडी लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी नामदेवनं मला फोन करून पासवर्ड सांगितला. आता फोनमधली ॲपं कुठल्याही राखणदाराला वळसा घालून आपली वाट आपण काढतात, आणि माझ्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकली जातात. एकतर्फी आवाजाची तक्रार घेऊन कुणी येत नाही. वाईट वाटतं, नाही असं नाही.

मुक्ता अवसरीला इंजिनियरिंगला आहे. जुन्नरला आली की भर बाजारपेठेत, दुकानात गिऱ्हाईक असो नसो, ती रस्त्यातूनच मला हाक मारते, ‘आत्या!’

मी ओ देतो.